लाँचच्या टाक्या

“पंप मारत राहा, थांबू नको,” असं म्हणत बन्सीधर साबणाच्या फेसाचं फडकं लोखंडी टाकीच्या सांध्यावरून फिरवू लागला.

त्याची बायको मनकर्णा पदर खोचून सायकलचा पंप मारत होती. टाकीत हवा भरली तसे सांध्यावर बुडबुडे उठले. आधी एका कोपऱ्यात, मग तळाशी ओळीनंच.

“आवं, ही तर समदीकडूनच गळायलीय,” ती म्हणाली.

बन्सीधरनं फडकं खाली टाकलं. काठावर ओढून ठेवलेल्या लाँचकडे तो बघत राहिला.

जिंतूरच्या बाजूला धरणाच्या पाण्यानं पांगरी आणि सावळी ही दोन गावं एकमेकांपासून तोडली होती. सडकेनं जायचं तर एसटीनं मोठा वळसा, लाँचनं गेलं तर समोरच. पांगरीच्या ग्रामपंचायतीची ती लाँच बन्सीधर चालवायचा. ती अंगानं हलकी. माणसं थोडी असली की वाऱ्यानं डोलायची. म्हणून दोन्हीकडच्या बाकांखाली पाण्यानं भरलेली एकेक टाकी होती. त्या वजनानं लाँच पाण्यात नीट बसून राहायची.

त्या टाक्यांनीच घात केला. बाजारच्या दिवशी भर पाण्यात डाव्या टाकीचा तळ फुटला. पाणी लाँचमध्ये पसरून उजवीकडं धावलं आणि लाँच त्या अंगाला कलली. कडेला बसलेली म्हातारी धुरपताबाई भाजीच्या पाटीसकट खाली गेली. बन्सीधरनं उडी मारून तिला वर काढलं. जीव वाचला, पण तेव्हापासून लाँचमध्ये कुणी पाय ठेवीना.

सरपंच माणिकराव स्वतः काठावर आले होते. “बन्सी, तुला बोल लावत न्हाई. पण माणसंच बसंनात तर ठिवून काय करायची? भंगारात देऊन टाकू.”

“टाक्या नीट करतो, मालक. थोडा दम धरा.”

“धरतो. पण लोकांच्या मनातलं भ्याव कसं काढशील?”

बन्सीधरनं टाक्या बैलगाडीत घातल्या आणि जिंतूरला वेल्डिंगच्या दुकानात नेल्या. पत्रा गंजून इतका पातळ झाला होता, की ठिणगी लागली तिथं आणखी मोठं भोक पडलं. तो तसाच परत आला. भाकरीला हातही लावला नाही.

मनकर्णानं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, “आपली कोठी घ्या की. जाड पत्र्याची हाय. दोन टाक्या सहज निघतील.”

“ज्वारीची कोठी? तुझ्या बापानं दिलेली हाय ती.”

“म्हून तर माझी हाय. द्यायची का न्हाई ते मीच ठरवनार ना?”

तिनं स्वतःच्या हातानं ज्वारी उपसून पोत्यांत भरली. पत्रेवाल्यानं कोठी कापून दोन टाक्या केल्या. पाणी एकदम इकडून तिकडं धावू नये म्हणून आत मधोमध पत्र्याचा पडदा घातला. परत साबणाचा फेस, परत पंप. या वेळी एकही बुडबुडा उठला नाही. मनकर्णा पंप टाकून खाली बसली आणि हसायलाच लागली.

दुसऱ्या दिवसापासून बन्सीधर ठरल्या वेळी लाँच सोडू लागला. रिकामी जायची, रिकामी यायची. काठावरची माणसं रामराम घेत आणि एसटीच्या फाट्याकडे चालू लागत.

“कुनासाठी जाताव वो?” मनकर्णानं विचारलं.

“चालताना दिसली तर कुनी तरी बसंल.”

मग एके दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद पुकारला गेला. एसटी आलीच नाही. सकाळी धुरपताबाई बोचकं घेऊन काठावर उभी राहिली. तिची लेक सत्यशीला सावळीला दिलेली. रात्री तिला मुलगी झाल्याचा निरोप आला होता. म्हातारीची नजर पाण्यावरून हटत नव्हती.

“मावशी, येताव?” बन्सीधरनं हळूच विचारलं.

“जीव घाबरायलाय रं बन्सी.”

त्यानं आग्रह केला नाही. बाकावरची फळी उचलली आणि बाजूला झाला. म्हातारी वाकली. तिनं टाकीवर हात ठेवला, मग खालचा तळ चाचपला. हात कोरडा आला. तेवढ्यात मनकर्णा लाँचमध्ये चढून मधल्या बाकावर बसली.

“या मावशी, माझ्याजवळ बसा.”

धुरपताबाई बसली. मनकर्णाचं मनगट तिनं गच्च धरलं आणि डोळे मिटले. मध्यावर वारा सुटला. लाँच एकदा डुलली आणि आपोआप सावरली. म्हातारीनं डोळे उघडले.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं, मावशी. आली सावळी.”

सांजेला ती उतारावरून खाली आली ती एकटी नव्हती. बंदमुळे अडकलेली पांगरीची सात-आठ माणसं तिच्यामागं होती. लाँचपाशी येऊन ती माणसं घुटमळली तशी म्हातारी वळली. “मी सकाळी आले न्हवं? बसा की!”

एकेक जण बसला. मनकर्णानं मधल्या बाकावर तिच्यासाठी जागा केली. धुरपताबाईनं मान हलवली.

“तिथं त्या पोरवाल्या बाईला बसू दी.”

ती कडेला जाऊन बसली. इंजिन सुरू झालं. लेकीकडं नातीला लावलेली हळद बोटावरून पातळाला लागू नये म्हणून म्हातारीनं हात बाहेर काढला आणि चालत्या पाण्यात सावकाश धुतला.