पूल आठवेना

कारखान्याच्या बसवर एकोणीस वर्षं काढलेल्या त्या ड्रायव्हरला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. दुसरी पाळी सुटली की रात्री बाराला बस निघायची आणि पावणेदोनला शेवटचा माणूस आपल्या दारात उतरायचा. मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

त्या आठवड्यात त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर फरशी बसवायचं काम निघालं. दिवसभर ठोकाठोक. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. बायको म्हणाली, “रजा टाका.”

“अगं, तो रस्ता मला झोपेतही पाठ आहे,” तो म्हणाला.

चौथ्या रात्री निम्मी वाट सरली होती. मागे बारा-पंधरा माणसं माना टाकून झोपलेली. समोर पेट्रोल पंपाचे दिवे दिसले आणि तो चरकला. पंप पुलाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे होता. म्हणजे पूल मागे पडला होता, आणि तो ओलांडल्याचं त्याला काही केल्या आठवेना. वळण, अरुंद कठडा, खालचा गियर, सगळं हातापायांनीच उरकलं असणार.

त्याने बस पंपाच्या आवारात घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली खिशात टाकली.

“काय झालं?” मागून एका फिटरने विचारलं.

“मला झोप येतेय. अर्धा तास झोपतो, मग निघू.”

“घड्याळ बंद पडलं!” कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

फिटर हसला नाही. “तोंडावर पाणी मारा की!”

“पाण्याने तोंड ओलं होतं, झोप जात नाही.”

“घरी माझी आई आजारी आहे. एकटी आहे.”

ड्रायव्हरला ते लागलं. “म्हणूनच,” तो म्हणाला. “उशिरा का होईना, तुम्ही पोचायला हवं.”

पॅकिंग खात्यातल्या मावशींनी मोबाइल काढला. “अर्ध्या तासाने मी उठवते. झोपा तुम्ही.”

तो बाकावर आडवा झाला आणि मेल्यासारखा झोपला. उठवताना मावशींना त्याला दोनदा हलवावं लागलं.

फिटरने तक्रार केली. मॅनेजरने ड्रायव्हरला बोलावून घेतलं, कागद पुढे सरकवला. “इंजिन तापलं असं लिहा. प्रकरण मिटेल.”

“इंजिन ठणठणीत होतं, साहेब. पूल कधी गेला ते मला कळलं नाही. तेच लिहितो.”

मॅनेजरने पेन बाजूला ठेवलं. “पुलावर?”

“पुलावर.”

पंधरा दिवस त्याला दिवसाच्या फेऱ्या मिळाल्या. रात्रीच्या बसवर बदली माणूस नेमला गेला, आणि झोप झाली नसेल तर तसं आधी कळवावं, अशी सूचना फलकावर लागली. तो परतला तेव्हा फिटर त्याच्याशी बोलेना. चढताना दुसरीकडे बघायचा. महिनाभर असं चाललं.

मग एका रात्री फिटर पुढच्या सीटवर येऊन बसला.

“दिवसा झोप झाली का?”

“झाली.”

“मग चला.”