जपानातले कुंडलिकराव

कुंडलिकनं रिकामं ताट बोटांनी वाजवलं. तव्यावरची भाकरी करपत होती आणि सगुणाबाई मोबाईलमध्ये तोंड घालून बसली होती.

"ते जेवलं का गं आज?"

"अजून कुठं?" कुंडलिक म्हणाला.

"तुमाला न्हाई इचारलं."

विचारलं होतं ते पुतणीला. थोरल्या भावाची स्वप्नाली जपानात, समुद्राकाठच्या मत्स्यालयात कामाला होती. मत्स्यालय कुंडलिकपेक्षा जुनं, आणि तिथलं एक कासव जवळजवळ मत्स्यालयाइतकंच जुनं. हौदाच्या काठाला माणसं जमली की हे बेणं मुद्दाम पाण्यावर पाय आपटून सगळ्यांना भिजवायचं. स्वप्नालीला गुंजवणे गावचा आपला खोडकर काका आठवला आणि पोरीनं कासवाचं नाव ठेवलं, कुंडलिक.

ही बातमी कुंडलिकनंच पार नसरापूरच्या स्टँडपर्यंत मिरवली होती. पंचाईत झाली सगुणाबाईची. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, मग कासवाचं कसं घेणार? ती 'ते' म्हणू लागली. ते जेवलं का, त्यांचा डोळा बरा हाय का, थंडीचं त्यांना लई गारठाय होत आसंल. इकडं कुंडलिक खोकून खोकून दमला, त्याची कुणी दखल घेत नव्हतं.

आजवर त्याच्या खोडीतून गावचा सरपंचसुद्धा सुटला नव्हता. कासव काय सुटतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी चूल पेटली, आणि पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत तो चेहरा पाडून घरात आला. मोबाईल त्याच्याच हातात होता.

"स्वप्नालीचा फोन आलता," तो म्हणाला. "ते गेलं."

सगुणाबाईचा हात पिठातच थांबला. मग ती उठली, तांब्याभर पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं.

"आगं ए, काय करतीस? भूक लागलीया मला!"

"सुतक हाय."

"कासवाचं?"

"नाव कुणाचं हाय?"

धुरानं चुरचुरणारे डोळे चोळत तो उंबऱ्यावर टेकला. 'मस्करी केली गं', एवढंच तर म्हणायचं होतं. ओठावर आलंही होतं.

सगुणाबाई भिंतीला टेकून बसली. पिठाचे हात तसेच.

"लई खोडकर," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याला छळल्याबिगर अन्न गोड लागायचं न्हाई. बाया मला म्हणायच्या, कशी गं नांदतीस ह्या माणसासंगं? पर तिन्हीसांजंला अंगणात चपला वाजल्या, की घर कसं भरायचं."

"चपला?" कुंडलिक म्हणाला. "कासवाच्या?"

तिचं लक्ष नव्हतं. मनगटानं तिनं डोळे पुसले. इतक्या वर्षांत असलं एक वाक्य तिनं त्याच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हटलं ते हे असं, त्या जपानातल्याच्या नावानं. कासवाचा राग धरावा की आपला, हे त्याला कळेना.

हातातला मोबाईल थरथरला. स्वप्नालीचा व्हिडिओ कॉल. कुंडलिकनं तो घाईनं मांडीखाली सारला आणि वर नीट मांडी घालून बसला.

"मग?" तो म्हणाला. "आनखी काय म्हणायच्या बाया?"