चौदावी बाब

"वाचन वगळायला कुणाची हरकत?" अध्यक्ष ओगिवारांनी मान वर न करताच विचारलं.

"हरकत नाही!" सभासद एका सुरात म्हणाले, आणि मसुदा क्रमांक नऊ न वाचताच पुढे सरकला.

अध्यक्षांच्या उंच आसनाच्या पायथ्याशी, डाव्या हाताला शिझुए कुवाबाराचं टेबल होतं. तिच्यासमोर नववा मसुदा उघडा होता, आणि कुठे श्वास घ्यायचा त्याच्या खुणा लाल पेन्सिलीने केलेल्या होत्या. तिने तो पालथा घातला आणि दहावा समोर ओढला. हिनोसावाच्या नगरसभेत मसुदे वाचून दाखवण्याचं काम तिच्याकडे एकतीस वर्षं होतं आणि एकतीस वर्षांत तिने एकही मसुदा वाचून दाखवला नव्हता. मतदानाआधी मसुदा सभागृहात वाचलाच पाहिजे असा नियम होता, आणि कुणाची हरकत नसेल तर वाचन वगळायचं असा रिवाज होता. नियम पुस्तकात सुखाने नांदत होता आणि सभागृह रिवाजाने चालत होतं.

तरी ती सभेच्या दिवशी सकाळी सातलाच यायची. रिकाम्या सभागृहात उभी राहून सगळे मसुदे खणखणीत आवाजात खुर्च्यांना वाचून दाखवायची. खुर्च्यांनी आजवर हरकत घेतली नव्हती आणि दादही दिली नव्हती. पण तिला ती वेळ आवडायची. खिडकीबाहेर बर्फ, हीटर नुकता तापू लागलेला, आणि आपला आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतोय, एवढ्यावर ती खूश असायची. या एकतीस मार्चला ती निवृत्त होणार होती, म्हणजे आजची सभा शेवटची. त्याचं फार वाईट वाटत होतं असंही नाही. काम आवडीचं होतं, झालं.

मसुदे आठवडाभर आधी तपकिरी पाकिटातून सभासदांच्या घरी जायचे. पाकिटं तीच चिकटवायची, त्यामुळे कुणाचं पाकीट सभागृहात येईपर्यंत फुटलेलं नसतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. जवळजवळ कुणाचंच नसायचं. माणसं वाईट नव्हती. कुणाची सफरचंदाची बाग, कुणाचं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान, शिवाय घरासमोरचा बर्फ उपसायचा असतोच. नगरपालिकेने आणलंय म्हणजे विचार करूनच आणलं असेल, असा सगळ्यांचा भाबडा विश्वास. मागच्या रांगेतले तोदोरोकी तर हाताची घडी घालून सरळ डोळे मिटायचे. वय एक्याऐंशी, सहाव्यांदा निवडून आलेले. मतदानाच्या वेळी खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला की त्यांना जाग यायची आणि सगळ्यांबरोबर तेही उभे राहायचे. कधीकधी तर सगळ्यांच्या आधी.

दहावा झाला. अकरावा झाला. शिझुएने बारावा समोर घेतला.

बारावा मसुदा अर्ध्या पानाचा होता. नगरपालिकेच्या सार्वजनिक जागांचा एक जुना तक्ता आहे, त्यातली चौदावी बाब वगळावी, एवढाच त्याचा ऐवज. चौदावी बाब म्हणजे काय, ते त्या अर्ध्या पानात कुठेच नव्हतं. मसुदे असेच लिहायची पद्धत होती. पण शिझुएने तक्ता काढून पाहिला होता. चौदावी बाब म्हणजे कामियु वाडीचं गरम झऱ्यावरचं सामाईक स्नानगृह.

कामियुत अकरा घरं आणि पंधरा माणसं. एकाही घरात न्हाणीघर नाही. दाराशी उकळता झरा असताना ते बांधणार कोण? दिवसाला तीसपेक्षा कमी लोक येतात म्हणून हे स्नानगृह बंद करावं, असं कुणीतरी कागदावर मांडलं होतं. वाडीतल्या प्रत्येकाने रोज दोनदा आंघोळ केली असती तर आकडा जमला असता. झरा बंद म्हणजे नऊ किलोमीटरवर गावात जायचं, तेही बर्फात, ऐंशी-ऐंशीच्या वयात. म्हणजे वाडीच उठणार. त्या अकरांतलं एक घर शिझुएचं होतं आणि एक तोदोरोकींचं.

सभेत येण्याआधी मसुद्याबद्दल सभासदांशी किंवा बाहेर कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, असा कार्यालयाचा दंडक होता. त्यातून आता प्रश्न तिच्या स्वतःच्या घरचा होता, म्हणजे तोंड उघडणं आणखीच वाईट दिसलं असतं. तिने हातात होतं तेवढं केलं. पाकिटात मसुद्यासोबत संपूर्ण तक्ता घातला, सगळ्यांना सारखा. पण पाकिटंच फुटली नाहीत तर तक्ता काय करणार?

गेल्या आठवड्यात झऱ्यावर तोमे आजींनी तिला गाठलंच होतं. तोमे आजी वाडीतल्या सगळ्यांत वडील, वय ब्याण्णव. खांद्यापर्यंत पाण्यात बसून त्यांनी विचारलं, "काय गं शिझुए, यंदा सभेत काय शिजतंय?"

"नेहमीचंच, आजी."

"नेहमीचंच म्हणजे काय? एकतीस वर्षं नेहमीचंच सांगत्येस. कधी काही नवीन होतच नाही का तुमच्याकडे?"

"तुम्ही निवडून या, मग होईल."

"मी आले असते गं. पण सभेत झोपायची जागा तोदोरोकीनं आधीच धरून ठेवलीय!"

सगळ्या बायका खो खो हसल्या. शिझुएही हसली आणि नाकापर्यंत पाण्यात बुडाली, कारण तिला त्यांच्याकडे बघवेना. आपण या सगळ्यांशी खोटं बोललो असं तिला वाटलं, आणि ते काही चूक नव्हतं.

"मसुदा क्रमांक बारा," अध्यक्ष म्हणाले. "वाचन वगळायला कुणाची हरकत?"

"हरकत नाही!"

"आहे," एक आवाज आला.

अध्यक्षांनी आज पहिल्यांदा मान वर केली. पहिल्या रांगेतले मिझोगुची हात वर करून बसले होते. तोफू बनवून विकणारे, वय सदुसष्ट, मागच्याच महिन्यात पोटनिवडणुकीत निवडून आलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे एका डोळ्यावर पांढरी पट्टी होती.

"मिझोगुची-सान, इथं 'हरकत नाही' म्हणायचं असतं," शेजारच्याने हळूच सांगितलं.

"ते कळलं हो. पण माझी आहे ना हरकत! आजचे सातवा ते अकरावा मी भिंग लावून वाचले. मग डोळ्यातून पाणी यायला लागलं, बायकोनं भिंग काढून घेतलं. बारावा राहिला. न वाचलेल्यासाठी उभा कसा राहू? तुमचं बरंय, तुम्ही सगळ्यांनी वाचलाय."

कुणी खाकरलं, कुणी पाण्याचा पेला उचलला, आणि साकेच्या दुकानवाल्याने आपलं न फुटलेलं पाकीट अलगद वहीखाली सरकवलं. मिझोगुची टोमणा मारत नव्हते, हीच खरी पंचाईत होती. त्यांना खरंच वाटत होतं की सगळ्यांनी वाचलाय.

"एका सभासदाची हरकत आहे," अध्यक्ष म्हणाले आणि नियमांचं पुस्तक शोधू लागले. ते सापडेना तेव्हा त्यांनी खाली बघितलं. "कुवाबारा-सान... आता काय करायचं असतं?"

"आता मी वाचायचं असतं, अध्यक्षमहाराज."

"मग वाचा."

शिझुए उठली. सकाळी खुर्च्यांना वाचून दाखवला होता तसाच तिने तो मसुदा माणसांना वाचून दाखवला.

"मसुदा क्रमांक बारा. हिनोसावा नगर सार्वजनिक जागा नियमावलीत पुढीलप्रमाणे दुरुस्ती करण्यात येत आहे. सोबतच्या तक्त्यातील चौदावी बाब वगळावी. पंधरावी बाब चौदावी समजावी. सोळावी बाब पंधरावी समजावी. सतरावी बाब सोळावी समजावी..."

ती एकतिसाव्या बाबीपर्यंत गेली. एकाही ठिकाणी अडली नाही. खाली बसली तेव्हा तिचे कान गरम झाले होते, आणि इतकं सगळं पणाला लागलेलं असतानाही तिला मनापासून आनंद झाला. एकदा तरी वाचायला मिळालं.

"वा!" मिझोगुची म्हणाले. "आवाज काय सुरेख आहे हो तुमचा! कळलं मात्र काहीच नाही."

हशा पिकला. अध्यक्षही हसले, मोकळे झाले, आणि मतदान पुकारायला त्यांनी तोंड उघडलं. शिझुएने टेबलाची कड धरली.

"पण चौदावी बाब म्हणजे काय?" मिझोगुचींनी विचारलं.

अध्यक्षांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी मागे बसलेल्या सहायकाकडे पाहिलं. फायली उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. तक्ता कार्यालयातच राहिला होता. शेवटी अध्यक्षांनी परत खाली बघितलं.

"कुवाबारा-सान, तुम्हाला माहीत आहे?"

विचारलं तर सांगायला कुठलाच दंडक आड येत नव्हता.

"हो. चौदावी बाब, कामियु वाडी, सामाईक स्नानगृह. तक्ता पाकिटात आहे, पान तिसरं."

मग पाकिटं फाडल्याचा आवाज झाला. एकाच वेळी आठ-नऊ पाकिटं. मिझोगुचींनी चकित होऊन आजूबाजूला पाहिलं, पण ते भले गृहस्थ काही बोलले नाहीत.

मागच्या रांगेत तोदोरोकी जागे झाले होते. खुर्च्या सरकल्या नव्हत्या तरी जागे झाले होते.

"आमचा झरा?" ते म्हणाले. "आमचा झरा बंद करायचं कुणी ठरवलं?"

"अजून कुणी नाही, तोदोरोकी-सान," अध्यक्ष ओशाळून म्हणाले. "आता आपण ठरवणार होतो."

तोदोरोकी दोन्ही हात बाकावर टेकून उठले. जागे असले की त्यांच्या बोलण्याला धार असायची, बंधाऱ्यावरून, रस्त्यावरून ते प्रशासनाला फैलावर घ्यायचे. आज तसं काही जमेना. "मी उभा राहिलो असतो," ते एवढंच म्हणाले. "हे मतदान दोन मिनिटं आधी झालं असतं तर मी याच्यासाठी उभा राहिलो असतो." मग त्यांनी पहिल्या रांगेकडे वाकून नमस्कार केला. मिझोगुची गडबडून उठले आणि त्यांनीही वाकून नमस्कार केला. मिझोगुचींना वाटलं, डोळ्याची चौकशी चाललीय.

मसुदा मंजूर करू नये, समितीकडे पाठवावा, समितीने कामियुला जाऊन माणसं पाहावीत आणि जूनच्या सभेत पुन्हा आणावा, अशी सूचना तोदोरोकींनी मांडली. अध्यक्षांनी ती मताला टाकली. दहाही जण उभे राहिले, आणि आपण कशासाठी उभे आहोत ते दहाही जणांना माहीत होतं. शिझुएने इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं. हा शब्द तिने आजवर हजारदा लिहिला असेल, पण आज तो लिहिताना बरं वाटलं.

संध्याकाळी पाचला ती झऱ्यावर पोहोचली तेव्हा बातमी आधीच येऊन पाण्यात बसली होती.

"लबाड!" तोमे आजी ओरडल्या. "नेहमीचंच म्हणे! इकडे पाठ कर, घासून देते." आणि त्यांनी तिची पाठ अशी घासली की राग किती आणि माया किती ते कळू नये. जूनमध्ये काय होईल कुणालाच ठाऊक नव्हतं. पण समिती येणार होती, आणि समितीला काय खाऊ घालायचं यावरून बायकांची भांडणं सुरू झाली होती. सुकवलेला मुळा की डोंगरातल्या कोवळ्या भाज्या, यावर दोन तट पडले होते. शिझुए गळ्यापर्यंत पाण्यात बसून ऐकत राहिली. तिला फार सुख वाटत होतं.

बायका आणि पुरुष यांच्यामधली लाकडी भिंत छतापर्यंत पोहोचत नव्हती. पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"शिझुए, आहेस का?" तोदोरोकींचा आवाज.

"आहे, काका."

"तुझ्या सगळं लक्षात असतं म्हणे."

"थोडंफार."

"ती आपली शाळा. बंद झाली ती. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, वरच्या लोकांनी बंद केली. खरं सांग. ती आपल्या सभेत आली होती का?"

शिझुएने तोमे आजींकडे पाहिलं. आजींनी मान हलवली, सांग म्हणून.

"आली होती. बारा वर्षांपूर्वी, मार्चमध्येच. मसुदा क्रमांक एकवीस. तक्त्यातली सहावी बाब."

"मी उभा होतो?"

नाही म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्याला तेवढी रात्र सुखाची गेली असती. पण हाच प्रश्न त्याने सभासद म्हणून चोवीस वर्षांत पहिल्यांदा विचारला होता.

"होतात, काका. सगळ्यात आधी तुम्हीच उठलात."

"आणखी काय काय?" तोदोरोकींनी विचारलं. "सगळं सांग. सावकाश सांग, पण सगळं सांग."

भिंतीपलीकडे ते पाण्यातून उठून उभे राहिल्याचा आवाज आला. शिझुए सांगू लागली. वाडीपर्यंतची बस, शाळेच्या पुढच्याच वर्षीचा मसुदा क्रमांक नऊ. नर्सबाईंची आठवड्याची फेरी, मसुदा क्रमांक सतरा. जंगलाच्या वाटेवरचा पूल, मसुदा क्रमांक चार. प्रत्येकानंतर पलीकडून "बरं" एवढंच ऐकू यायचं. मार्चची संध्याकाळ, वरच्या फटींतून बर्फाचा वारा आत येत होता, आणि तिचं सांगून होईपर्यंत म्हातारा परत पाण्यात बसल्याचा आवाज काही आला नाही.