खळ्यावरची इंग्रजी

"भात वारवायचं सोडून ही काय भजनं लावलीत?" डोक्याइतकं उंच धरलेलं सूप तसंच थांबवून मोतीबाई ओरडली.

खळ्याच्या कडेला पेंढ्यावर पाच बाया बसल्या होत्या. समोर मोतीबाईची सून विनिता मोडक्या दाराच्या फळीवर खडूनं लिहीत होती. बारावी शिकलेली ही सून सोमवारपासून गावातल्या बायांना इंग्रजी शिकवायला लागली होती. पोरं शिरगावच्या इंग्रजी शाळेत, आणि गृहपाठाची वही उघडली की आयांना घाम. पालकांच्या सभेत शाळेतली बाई टाकून बोलली तेव्हा रविना रडतच घरी आली. तिथून हा वर्ग निघाला. मोतीबाईची अट एकच होती. सकाळभर झोडणीला हात लावा, मग दुपारी काय चार अक्षरं गिरवायची ती गिरवा.

"क्रियापद शिकवतेय, आई," विनिता म्हणाली. "हां, म्हणा. आय गो."

"आय गो!"

"हा तर आपलाच शब्द," सरू म्हणाली. "काय गो, कुठं गो! इंग्रजांनी आपल्याकडनं उचलला काय?"

बाया हसल्या. हसू मोतीबाईलाही आलं होतं, पण सुनेच्या वर्गात हसेल तर ती मोतीबाई कसली.

"यू गो. शी गोज. ही गोज. इथं शब्दाला मागं शेपूट लागतं."

"शेपूट बापयांनाच लाव, आपल्याला नको," रविना म्हणाली. सगळ्यांत लहान ती, आणि आवाज सगळ्यांत मोठा. "ही गोज! ही गोज!"

मोतीबाईनं सूप खाली ठेवलं. "याचा अर्थ काय गं?"

"तो जातो."

मोतीबाईच्या घरात उंबऱ्याबाहेर पाय टाकताना 'जातो' म्हणायची कुणाची छाती नव्हती. 'येतो' म्हणायचं. तान्ह्या पोराला बोलता येत नसलं तर त्याच्या वतीनं आईनं म्हणायचं. नऊ वर्षांमागं तिचा नवरा अनंता भांडणाच्या रागात 'जातो मी' म्हणून गवत कापायला निघाला, आणि दुपारी चौघांनी उचलून आणला. पोटरीवर फुरशाचे दोन दात.

"पुसून टाक ते!" तिचा आवाज चिरकला. "माझ्या खल्यावर, लक्षुमीच्या राशीसमोर बापयांचं जानं घोकताय? माझा भूपेश कंपनीत दोनच्या पालीला गेलाय. रविने, तुझा दिपेश पन त्याच्या बाजूलाच उभा असंल. काय लाज हाय का?"

"आई, ही नुसती इंग्रजी आहे."

"मरनाला मराठीच कलते, असं कोन बोल्लं तुला?"

पुढं होऊन तिनं पदरानंच फळी पुसली. खडूचा पांढरा पट्टा पदराला लागला न लागला, तोच अंबरनाथच्या बाजूनं दणका झाला. गोठ्याचे पत्रे थडथडले. राशीवरचा चिमण्यांचा थवा एकदम उठला. मग एमआयडीसीवर धूर चढला, आधी पिवळा, मग काळा.

सगळ्यांच्या नजरा मोतीबाईकडं, आणि गावाला घाबरवणारी ही बाई पदराचा पांढरा पट्टा नुसती चोळत उभी.

विनितानं भूपेशला फोन लावला. लागेना. रविनानं दिपेशला लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. दोघांची रंगाची कंपनीच फुटली असं सरूचा दीर सांगून गेला. रविनाचे सासू-सासरे रिक्षा करून धावले. मोतीबाईनं रस्त्याकडं पाठ केली. तिकडं बघितलं तर काय दिसेल, या भीतीनं बघवेना.

दिवस कलायला आला तेव्हा भूपेश मोटारसायकल घेऊन खळ्यात शिरला. भुवया करपलेल्या, तोंड राखेनं भरलेलं. मोतीबाईनं त्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात फिरवून बघितला.

"मी बरा हाय, आये. दिपेशला उल्हासनगरला नेलाय. पाठ भाजली. मी रक्त द्याला परत निघतंय. वहिनी, चला, बसा मागं."

रविना पेंढ्यावरून हलली नाही.

"मी नाय येत."

"वहिनी, तो तुमचंच नाव घेतोय!" भूपेश म्हणाला.

"मीच घोकलं ना? सगल्यांपेक्षा मोठ्यानं घोकलं. काकींनी सांगितलं तरी वेल निघून गेली होती. हे तोंड घेऊन मी त्याच्या खाटेपाशी नाय येनार. आनखी काय झालं म्हंजे?"

विनिता समजावत राहिली, सरूनं हात ओढला. पोरगी दगडासारखी. मोतीबाईला कळलं, हा दगड आपणच हिच्या छातीवर ठेवलाय, दुसऱ्या कुणाला तो उचलायचा नाही.

ती जाऊन भूपेशच्या गाडीसमोर उभी राहिली.

"विनिता, कसं बोल्तात ते? तो जातो."

"आई, राहू द्या."

"बोल!"

"ही गोज."

मोतीबाईनं पोराच्या तोंडाकडं बोट केलं. "ही गोज," ती म्हणाली. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "ही गोज! ही गोज! बघ, रविने. माझा एकुलता हाय, त्याला बोल्ले. शब्दात काय नसतं. मी म्हातारी घाबरले नि बरलले. चूक माझी. ऊठ आता."

मोतीबाईच्या तोंडून 'चूक माझी' गावानं कधी ऐकलं नव्हतं. रविना डोळे पुसत उठली आणि गाडीवर बसली. धूळ उडवत गाडी वळणाआड गेली.

मग मोतीबाई राशीपाशी बसली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. विनितानं चहा आणून ठेवला, तो निवला. दोन्ही मुठींत मोतीबाईनं भात इतकं आवळलं होतं की तूस तळहाताला रुतलं.

दिवेलागणीला भूपेशचा फोन आला. दिपेश बोलतोय, पोराला कुणाकडं टाकून आलीस म्हणून बायकोवर खेकसलासुद्धा. डॉक्टर म्हणाले, महिनाभर लागेल, पण धोका नाही. आणि आपण घरी यायला निघालोच.

विनिता सासूजवळ टेकली. तिनं भीतभीत विचारलं, "आई, उद्या वर्ग घेऊ?"

"घे की. इथंच घे." मोतीबाईनं मुठी उघडल्या आणि भात राशीवर सोडलं. "पन आधी गावातले सगले बापये घरात आले का, ते मोज. मग फली लाव."