लगद्याला लागलेली नजर

नरहरी पुरता चक्रावला होता. भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून जवळच, जामुलच्या वाटेवरच्या एका छोट्या कागद कारखान्यात तो केमिस्ट. लाकडाचा लगदा पांढरा करायला क्लोरीनचा विषारी वायू नको, म्हणून त्याने नवी रीत बसवली होती. पेरॉक्साइड घालायचं, आणि त्याला जोर यावा म्हणून मँगनीजच्या पावडरीची चिमूट. एकट्याने टाकीत करून पाहिलं की लगदा पांढराशुभ्र. मालक बाबुलाल शेठ बघायला आले की तोच लगदा गुळाच्या रंगाचा! पाणी तेच, पावडर तीच. मग ही विद्या काय माणसं बघून लाजते?

हे काही हौसेचं काम नव्हतं. क्लोरीनच्या नळावर शेषराव होता, वर्ध्याकडचा, नरहरीच्या वडिलांच्या वयाचा. खोकला आला की त्याला भिंत धरावी लागे. शेठने शेवटची संधी दिली होती. जमलं तर क्लोरीन बंद, नाही तर नरहरीचा हा नाद बंद.

शेवटच्या खेपेलाही लगदा तपकिरीच राहिला. शेठ पाठ फिरवून ऑफिसात गेले. नरहरीने चिडून तिथल्या तिथे टाकी रिकामी करवली, तर तळाशी गंजलेल्या खिळ्यांची माळ!

"हे कोनं टाकलं?"

"म्याच जी," शेषराव मान खाली घालून म्हणाला. "शेठ येनार म्हटलं का टाकत होतो, मंग काढून घेत होतो. तुमच्या कामाले नजर लागू नये म्हून. लागूनच राहिली, तं आज जास्ती टाकले."

नरहरीने कपाळावर हात मारला. गंजापायी पेरॉक्साइड लगद्याला लागण्याआधीच हवा होऊन जातं, हे त्याने समजावलं. शेषराव आणखीच गोंधळला.

"पन तुमची पावडरबी धातूचीच म्हनता. मंग तुमचा धातू तारते अन् माहा मारते, हे कावून?"

 म्हाताऱ्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, तेच नरहरीला कळेना.

शेठसमोर त्याने चूक स्वतःवर घेतली. मागून शेषरावाने येऊन खरं सांगून टाकलं. शेठ हसले.

"नरहरीजी, जो चार कीलों से बिगड़ जाए, वो भिलाई में कैसे चलेगा? यहाँ तो हवा में भी लोहा है."

 खिळेच कारण होते की आणखी काही, याची आता नरहरीलाही खात्री वाटेना.

दुपारच्या पाळीला क्लोरीन सोडायचा हुकूम आला. शेषराव तोंडाला ओला गमछा बांधून नळाकडे निघाला. नरहरी मागोमाग गेला, तसं त्याने हात आडवा घातला.

"तुमी नका येऊ, साहेब. तुमचे लेकरं लहान हायेत."