नाकाची साक्ष

मत्स्यपालन केंद्रातली सगळी माणसे ज्यांना ‘नाकवाले काका’ म्हणत, ते गेले सात आठवडे आपल्याच सुनेच्या प्रयोगात लबाडी करीत होते. आणि तीही निव्वळ मायेपोटी.

हे नाव त्यांना उगाच पडले नव्हते. मत्स्यखाद्याच्या गिरणीत तीस वर्षे त्यांनी मासळीच्या पुडीची पोती केवळ वासावरून पारखली होती. पुडीत कुणी वाळू मिसळो वा कोंडा, पोत्यावर काहीही लिहिलेले असो, काका चिमूटभर पूड नाकाशी धरीत आणि निकाल देऊन मोकळे होत. पोत्यावरची अक्षरे माणूस लिहितो, वास पोते स्वतः सांगते, असे ते म्हणत. निवृत्तीनंतर सुनेच्या केंद्रात टाक्यांचे पाणी बघायला ते हौसेने जाऊ लागले, तेव्हा नाकही सोबत गेलेच.

सून तिथली खाद्यतज्ज्ञ होती. पाळलेल्या माशांना पोसण्यासाठी समुद्रातले लहान मासे उपसून दळायचे, हे तिला पटत नसे. तीन वर्षे खपून तिने सोयाबीन, वाटाणा आणि मका यांच्या प्रथिनांचे खाद्य तयार केले होते. केंद्राच्या मालकीणबाईंची अट सरळ होती: पहिल्या टाकीला मासळीच्या पुडीचे नेहमीचे खाद्य, दुसरीला नवे. आठ आठवड्यांनी दुसरीतले मासे वजनात मागे पडले नाहीत, तर सगळ्या टाक्यांना नवे खाद्य सुरू. मागे पडले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

माशाला सोयाबीन म्हणजे वाघाला पालक, असे काकांनी जेवताना सुनावले होते.

“तुमचा लेक नाही का पालक खायला शिकला, बाबा?” सून म्हणाली.

“त्याचं लग्न झालंय. माशांचं व्हायचंय अजून.”

प्रयोगाचा पहिला आठवडा काका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे घरीच होते. परत आले, तर दुसऱ्या टाकीतले मासे त्यांना उगाचच बारीक वाटले. पोरीची मेहनत पाण्यात जाणार, या विचाराने त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, सून यायच्या आधी, ते खाद्याच्या खोलीत शिरले. दोन पोती होती. उजवीकडच्याचा वास मवाळ. डावीकडच्याचा मात्र जोरकस, खमंग, अस्सल मासळीचा. त्यातल्या दोन मुठी त्यांनी दुसऱ्या टाकीत भिरकावल्या. मग तो नेमच झाला.

वजनाचा दिवस उजाडला. जाळ्याने मासे काढून, टबात तोलून, परत पाण्यात सोडता सोडता दुपार झाली. पहिल्या टाकीची सरासरी चारशे बारा ग्रॅम, दुसरीची चारशे पंधरा. मालकीणबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्या टाक्यांना नवे खाद्य घालायला सांगून टाकले. सुनेचे हात ओले होते. तिने कोपरानेच डोळे पुसले.

काकांना मात्र पेच पडला. बोलावे तर पोरीचा विजय जातो. न बोलावे तर उद्या शंभर टाक्यांतले मासे आपल्या थापेवर जगायचे.

“सूनबाई, थांब जरा,” ते म्हणाले. “मासळीचं खाद्य मी रोज दोन मुठी दुसऱ्या टाकीत टाकत होतो.”

सुनेचा चेहरा उतरला. मग तिने हळूच विचारले, “कुठल्या पोत्यातलं?”

“डावीकडच्या. वासाच्या.”

“त्याच्यावर आकडा कुठला होता?”

“आकडे मी कधी वाचलेत?”

ती काकांना आणि मालकीणबाईंना खाद्याच्या खोलीत घेऊन गेली. डाव्या पोत्यावर हातभर मोठा ‘२’ लिहिलेला होता. काका डोळ्याला पट्टी बांधून घरी होते त्या आठवड्यात मासे नव्या खाद्याच्या गोळ्या तोंडात घेऊन थुंकून देत. म्हणून तिने माशांची टाकाऊ डोकी उकळून अर्क काढला होता आणि गोळ्यांवर अत्तरासारखा शिंपडला होता. तिने एक गोळी फोडून काकांच्या नाकाशी धरली. बाहेर मासळी, आत भाजक्या वाटाण्याचे पीठ.

“पण मी जादा घातलं की!”

“मासे पोट भरलं की तोंड फिरवतात, बाबा. आणि किती खाल्लं ते मी रोज पोतं तोलून काढते. तुमच्या मुठी त्यात आल्याच.” ती एकदम हसली. “तरीच मी बादली उचलायच्या आत दुसरी टाकी काठाशी जमायची!”

मालकीणबाई हसता हसता पोत्यावरच बसल्या. तीस वर्षांचे नाक दोन मुठींत कापले गेले म्हणायचे, असे त्यांनी काकांना ऐकवले.

“कापलं कुठे?” सून म्हणाली. “जे नाक कुणाला फसलं नाही ते माझ्या वाटाण्याला फसलं. मग बिचाऱ्या माशांचं काय घेऊन बसलात?”

काकांनी खिशातून चष्मा काढला, पोत्यापुढे वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा पोत्यावरचे अक्षर मोठ्याने वाचले, “दोन.” मग सवयीने मूठभर गोळ्या नाकाशी धरल्या.

“अर्क जरा जास्त झालाय,” ते म्हणाले. “उद्या थोडा कमी करून आण. मी सांगतो.”