तळपद्यांचं नाक

मार्तंड तळपद्यांनी कागदाची पट्टी नाकाखाली धरली, डोळे मिटले आणि न येणारा वास भरभरून आत घेतला.

मुलुंडच्या त्या सुगंधी रसायनांच्या कारखान्यात बावीस वर्षं हाच रिवाज होता. भांड्यात प्रोपार्जिलिक अल्कोहोल, त्यात पॅलेडियमची राखाडी भुकटी, वरून हायड्रोजन. त्यातल्या कार्बनच्या तिहेरी बंधाचा दुहेरी झाला की ॲलिलिक अल्कोहोल तयार; म्हणजे लिनालूल, साबणातलं लव्हेंडर. तिथेच थांबायचं. पॅलेडियम भलता उत्साही धातू. मोकळा सोडला तर दुहेरी बंधही फस्त करून सुगंधाची माती करतो. म्हणून त्याला आधीच थोडं शिसं चारून मंद करतात. सरकारी खात्यांत हे शिशावाचूनही जमतं. तरी नेमकं कधी थांबायचं ते हायड्रोजनचं मीटर अंदाजानेच सांगे. शेवटचा शब्द तळपद्यांच्या नाकाचा.

ते नाक गणपतीतल्या तापात गेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, कामावर नव्हतं. घरीही ते बोलले नव्हते. बायकोचं नाव सुगंधा. विषय काढायचा तरी कसा?

मदतनीस पद्मजा पट्टी मालात बुडवून, आधी स्वतः हुंगून त्यांना देई. तेव्हापासून ते पट्टी हुंगत आणि बघत मात्र तिच्या कपाळाकडे. तिथली आठी मावळली की म्हणत, "बंद करा." तीन बॅचेस अशा झकास उतरल्या होत्या.

आज मॅनेजर जयवंतराव साबणवाल्या पाहुण्यांना घेऊन आले होते आणि पद्मजा पाठमोरी, व्हॉल्व्हपाशी उभी होती. आता थांबायचं की नाही, सांगणारं कपाळच समोर नव्हतं.

"काय तळपदे, काय म्हणतंय नाक?"

"घाई नको," तळपदे म्हणाले. कानामागून घाम ओघळला.

"सर, ही दुसरी पट्टी," पद्मजा वळून म्हणाली आणि पुन्हा पाठमोरी झाली.

त्यांनी हुंगली. काही नाही. दुपारचं ऊन काचेच्या नळ्यांतून निळसर होऊन जमिनीवर तरंगत होतं. ते त्या उजेडाकडे बघत राहिले.

"पहाट आहे," ते हळूच म्हणाले. "निळ्या फुलांचं शेत. त्यातून एक बाई ओल्या कोथिंबिरीची जुडी घेऊन चाललीय. घाई नाही तिला." त्यांना ती दिसतही होती. पदर दंवाने भिजलेला. "आता थांबली. बंद करा."

"वा!" पाहुणे म्हणाले, आणि जयवंतराव त्यांना अभिमानाने चहाला घेऊन गेले.

तळपद्यांनी पट्टी बोटांत फिरवली. कोरडी ठणठणीत. टोकसुद्धा भिजलेलं नव्हतं.

"वास आला तसा व्हॉल्व्ह मी आधीच बंद केला होता, सर. पट्टी बुडवायला वेळच नव्हता," पद्मजा खाली बघत म्हणाली.

"आणि माल?"

"उत्तम आहे."

तळपद्यांनी नोंदवही ओढली, 'वास तपासणाऱ्याची सही' या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"सर, जयवंतरावांनी विचारलं तर?"

"सांग, तळपद्यांना सर्दी झालीय."

"किती दिवसांची सांगू?"

"रिटायर होईपर्यंतची."

पद्मजाने सही केली. तळपदे शाई वाळेपर्यंत सहीवर फुंकर घालत बसले.